वीस गावं, वीस टोळ्या

गव्हाणीत पहिली मोळी पडण्याच्या कितीतरी आधी बारामती-इंदापूर भागातल्या साखर कारखान्यांच्या शेतकी विभागात एक यादी तयार झालेली असते. कारखाना माळेगावचा असो, सोमेश्वर असो की भवानीनगरचा छत्रपती, यादीतले रकाने साधारण तेच : सभासदाचं नाव, गाव, गट नंबर, क्षेत्र, उसाची जात, लागणीची तारीख, आणि ऊस आडसाली, पूर्वहंगामी, सुरू की खोडवा. या यादीवरून तोडणी कार्यक्रम लागतो. कोणाचा फड आधी, कोणाचा मागून, कोणती टोळी कुठं, कोणती गाडी कोणत्या शिवारात, चिटबॉय कोणाच्या नावाची चिठ्ठी फाडणार, हे सगळं त्यातून ठरतं. नीरा डाव्या कालव्याच्या बागायत पट्ट्यात हिवाळाभर याच कार्यक्रमाची चर्चा असते, कारण ऊस वेळेवर तुटला नाही तर वजन घटतं, उतारा घटतो आणि खोडव्याचं पुढचं गणितही बिघडतं.

याच परिसरात, बारामतीच्या तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयात, विद्या प्रतिष्ठानच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, इंदापूरच्या कॉलेजांत संगणक शिकणाऱ्या मुलामुलींच्या अभ्यासक्रमात एक विषय येतो : अल्गोरिदम आणि त्यांची कार्यक्षमता. विद्यार्थ्यांमध्ये तो गणिती, कोरडा आणि मुलाखतीपुरता म्हणून ओळखला जातो. तो समज चुकीचा आहे, असं मला ठामपणे वाटतं. एखादं काम संगणकाला झेपेल की नाही, हे यंत्राच्या वेगावर फारसं अवलंबून नसतं. काम वाढत गेलं की कष्ट कोणत्या चालीनं वाढतात, यावर ते अवलंबून असतं. आणि ही चाल नुसत्या नजरेला, अनुभवाला किंवा हुशारीलाही दिसत नाही. ती शिकूनच ओळखता येते. पुढची सगळी चर्चा या एका म्हणण्याभोवती आहे.

सुरुवात यादीपासूनच करू. धरून चालू की नोंदी २५,००० आहेत आणि त्या लागणीच्या तारखेनुसार लावायच्या आहेत. कोणालाही सुचणारी पद्धत अशी : सगळी यादी चाळून सर्वांत जुनी तारीख शोधा, ती पहिल्या जागी ठेवा, उरलेल्यांतून पुन्हा सर्वांत जुनी शोधा, दुसऱ्या जागी ठेवा, असं शेवटपर्यंत. पहिल्या फेरीत २४,९९९ तुलना, दुसरीत २४,९९८, तिसरीत आणखी एक कमी. बेरीज होते ३१ कोटींच्या वर. दुसरी पद्धत जॉन फॉन नॉयमन यांनी १९४५ मध्ये मांडली. यादीचे दोन भाग करा, त्या भागांचे पुन्हा दोन, असं एकेक नोंद उरेपर्यंत तोडत जा. मग लावलेले तुकडे दोन-दोन करून जोडत या. दोन लावलेल्या तुकड्यांची जोडणी सोपी असते. दोन्हींच्या तोंडाशी असलेल्या तारखा बघायच्या, जुनी असेल ती उचलायची आणि पुढं सरकायचं. मागं वळून बघावं लागत नाही. २५,००० नोंदी निम्म्या-निम्म्या करत गेलं तर १५ पायऱ्यांत एकेक नोंद सुटी होते, आणि परत जोडताना प्रत्येक पायरीवर फार तर २५,००० तुलना लागतात. म्हणजे एकूण पावणेचार लाखांच्या आत. एकतीस कोटी आणि पावणेचार लाख! यादी तीच, उत्तर तेच, यंत्र तेच.

इथं पहिला आक्षेप येतो, आणि तो रास्त वाटतो. आजचा साधा लॅपटॉपही इतका वेगवान आहे की एकतीस कोटी तुलना म्हणजे काही मोठी गोष्ट नाही. मग हा काटकसरीचा अभ्यास कशाला? समजा आपलं यंत्र जुनं आहे, सेकंदाला एक कोटी तुलना करतं. पहिल्या पद्धतीला अर्धं मिनिट लागेल, दुसरीला डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागणार नाही. अर्धं मिनिट कोणीही थांबेल. पण नोंदी शंभरपट झाल्या, एका कारखान्याऐवजी अनेक कारखान्यांच्या अनेक हंगामांच्या मिळून २५ लाख झाल्या, तर? पहिल्या पद्धतीचे कष्ट शंभरपट होत नाहीत, दहा हजारपट होतात. त्या यंत्राला साडेतीन दिवसांहून जास्त लागतील. दुसऱ्या पद्धतीत पायऱ्या १५ च्या २२ होतात आणि काम साडेपाच सेकंदांत उरकतं. आता शंभरपट वेगवान नवं यंत्र आणून त्यावर पहिली पद्धत चालवा. तरी पन्नास मिनिटं लागतील, आणि शेजारचं जुनं यंत्र दुसऱ्या पद्धतीनं साडेपाच सेकंदांत मोकळं झालेलं असेल. यंत्राचा वेग कष्टांना एका ठरावीक आकड्यानं भागतो. पद्धतीचा दोष कामाच्या आकाराबरोबर वाढत जातो. आकार पुरेसा वाढला की ही शर्यत यंत्र हरतंच.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. आज कोण स्वतः सॉर्टिंग लिहितं? पायथॉनमध्ये एक शब्द लिहिला की यादी लावून मिळते. खरं आहे, आणि कामाच्या जागी तयार साधनच वापरावं. पण ते साधन चांगलं का आहे, हे बघितलं तर आक्षेपाचं उत्तर त्यातच सापडतं. टोनी होअर यांना १९५९ मध्ये सुचलेला क्विकसॉर्ट पाठ्यपुस्तकांत वेगवान म्हणून गाजलेला आहे. त्यात एक नोंद आधाराला धरायची, तिच्याहून जुन्या एका बाजूला आणि नव्या दुसऱ्या बाजूला काढायच्या, मग दोन्ही बाजूंना तेच करायचं. आधाराची नोंद यादीच्या मधोमध पडली तर उत्तम. पण विद्यार्थी प्रॅक्टिकलच्या वहीत बहुधा पहिलीच नोंद आधाराला घेतात. आता उसाच्या नोंदी कशा येतात ते आठवा. जशी लागण होईल तशी नोंद होते, म्हणून यादी आधीच जवळजवळ तारखेनं लागलेली असते. अशा यादीवर पहिली नोंद आधाराला धरली की एका बाजूला काहीच पडत नाही, दुसऱ्या बाजूला बाकीची सगळी यादी. प्रत्येक फेरीत एकच नोंद सुटते आणि आपण पुन्हा त्या ३१ कोटींवर येऊन पोहोचतो. शिवाय प्रोग्रामनं स्वतःला इतक्या खोलवर हाक मारल्यामुळं तो मध्येच कोसळण्याचीही शक्यता असते. उलट, पुस्तकात मंद म्हणून शिकवलेला इन्सर्शन सॉर्ट अशा जवळपास लागलेल्या यादीवर जेमतेम एका फेरीत काम संपवतो. टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये पायथॉनसाठी जी पद्धत तयार केली, ती नेमकी याच निरीक्षणावर उभी आहे : खऱ्या जगातल्या याद्यांत आधीच लागलेले लांब तुकडे असतात, ते ओळखा आणि जोडा. म्हणजे तो एक शब्द लिहून मिळणारी सोय हे याच अभ्यासाचं फळ आहे. आणि कोणत्या यादीवर काय चालेल हे त्या सोयीबाहेर पडल्यावर, दुसऱ्या कुठल्याही कामात, स्वतःच ठरवावं लागतं.

आतापर्यंत जे पाहिलं त्यात कामं सोपी होती. फरक फक्त बऱ्या-वाईट पद्धतींचा होता. पण काही कामांत असा फरक दडलेला असतो की तो भल्याभल्यांना ओळखता येत नाही. दोन प्रश्न शेजारी-शेजारी ठेवतो. पहिला दूध संकलनाचा. एक गाडी डेअरीतून निघते, निमगाव केतकी, शेळगाव, अंथुर्णे, लासुर्णे, सणसर, कळस अशी वीस गावं घेते आणि परत डेअरीत येते. सर्वांत कमी किलोमीटरचा क्रम कोणता? दुसरा ऊसतोडीचा. वीस टोळ्या आहेत, त्यांच्या कोप्या वेगवेगळ्या ठिकाणी पडल्या आहेत, आणि उद्या वीस फड तोडायचे आहेत. प्रत्येक टोळीला एक फड द्यायचा, असा की सगळ्यांचं मिळून जाण्याचं अंतर सर्वांत कमी भरेल. दुसरा प्रश्न नुसत्या नफ्या-तोट्याचा नाही. टोळीची मजुरी टनावर असते. बीड किंवा अहिल्यानगर जिल्ह्यातून बिऱ्हाडासकट आलेल्या माणसांचा पहाटेचा जो वेळ रस्त्यात जातो, त्याचे पैसे त्यांना मिळत नाहीत.

शक्यता मोजल्या तर दोन्ही प्रश्न जुळे भाऊ वाटतात. पहिलं गाव निवडायला २० पर्याय, दुसऱ्याला १९, मग १८, असा गुणाकार करत गेलं की जवळजवळ २४३ वर सोळा शून्यं एवढी संख्या येते. टोळ्यांचंही तेच : पहिल्या टोळीला २० फड, दुसरीला १९, आणि शेवटी तीच संख्या. सेकंदाला एक कोटी शक्यता तपासणाऱ्या यंत्राला हे काम संपवायला ७,७०० वर्षं लागतील. वेगवान यंत्राचा आग्रह धरणाऱ्यांसाठी पुण्याचंच उदाहरण आहे. २००७ मध्ये तिथं टाटांच्या संगणक संशोधन केंद्रात उभा राहिलेला ‘एका’ हा महासंगणक तेव्हा जगात चौथा ठरला होता आणि सेकंदाला शंभर लाख कोटींहून जास्त गणिती क्रिया करत होता. एका क्रियेत एक अख्खा क्रम तपासून होतो अशी मोठी सवलत दिली, तर शंभर लाख कोटींच्या वेगानं वीस गावांचा हिशेब पावणेसात तासांत संपेल. मग गाडीच्या वाटेत आणखी पाच गावं घाला. त्याच वेगानं ४,९०० वर्षं. पाच गावांनी पावणेसात तासांची हजारो वर्षं केली.

म्हणून सामान्य बुद्धी म्हणेल की दोन्ही प्रश्न सारखेच अवघड आहेत. तसं नाही. टोळ्यांचा प्रश्न हॅरॉल्ड कुह्न यांनी १९५५ मध्ये मांडलेल्या पद्धतीनं झटकन सुटतो. कोनिग आणि एगरव्हारी या हंगेरियन गणितज्ञांच्या कामावर ती आधारलेली असल्यानं तिला हंगेरियन पद्धत म्हणतात. वीस टोळ्यांसाठी कष्टांचं माप वीसचा घन, म्हणजे ८,००० च्या आसपास. हाती कागद, पेन्सिल आणि चिकाटी असेल तर माणूसही करू शकेल : अंतरांचा तक्ता काढायचा, प्रत्येक ओळीतून तिचा सर्वांत लहान आकडा वजा करायचा, मग प्रत्येक स्तंभातून, आणि जी शून्यं उरतात त्यांतून वाटप बसवायचं, बसलं नाही तर ठरलेल्या रीतीनं आणखी शून्यं तयार करायची. हे उत्तर अंदाजानं आलेलं नसतं. चांगलं वाटप नव्हे तर सर्वांत चांगलं वाटप मिळतं, आणि ते तसं असल्याची सिद्धता सोबत मिळते.

दुधाच्या गाडीला हीच युक्ती का चालत नाही, हे जवळून बघण्यासारखं आहे. प्रत्येक गावाला विचारा, ‘तुझ्यानंतर कोण?’ प्रत्येक गावाला एक पुढचं गाव द्यायचं, एकूण अंतर कमीत कमी ठेवायचं : हा तर टोळ्या-फडांसारखाच वाटपाचा प्रश्न झाला, आणि तो सहज सुटतो. पण उत्तर काय येतं? अंथुर्णे ते लासुर्णे आणि परत अंथुर्णे, अशी एक छोटी घिरटी. दुसरीकडे तीन गावांची वेगळी घिरटी, तिसरीकडे चारांची. प्रत्येक गावाला पुढचं गाव मिळालं, अंतरही कमी भरलं, पण गाडी एक असताना फेऱ्या पाच झाल्या. ‘सगळी मिळून एकच फेरी हवी’ एवढी एक अट घातली की प्रश्नाचा स्वभाव पालटतो. स्टीफन कुक यांनी १९७१ मध्ये आणि रिचर्ड कार्प यांनी १९७२ मध्ये दाखवलं की अशा अटींचे अनेक प्रश्न आतून एकमेकांशी बांधलेले आहेत. त्यांतला एक झटपट सुटला तर सगळे सुटतील. आजवर एकही सुटलेला नाही आणि सुटणं अशक्य आहे हेही कोणाला सिद्ध करता आलेलं नाही. ज्या अटीनं हा फरक पडला ती बोलताना अर्ध्या वाक्यात संपते. कारखान्याच्या किंवा डेअरीच्या बैठकीत कोणी ती सहज बोलून जाईल, आणि सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला हा विषय माहीत नसेल तर तो ‘करून देतो’ म्हणेल. माझ्या मते या विषयाची खरी किंमत इथं आहे. सोपं आणि अवघड यांची सीमा ओळखायला दुसरं कुठलंही साधन नाही.

यावर कोणी म्हणेल की अवघड असल्याचं कळून उपयोग काय. गाडीला तर उद्या सकाळी निघायचंच आहे. उपयोग हा की त्यानंतर योग्य दिशेनं विचार सुरू होतो. मायकेल हेल्ड आणि रिचर्ड कार्प यांनी १९६२ मध्ये अशी पद्धत दिली की जिच्यात आधी काढलेली अर्धवट उत्तरं जपून ठेवली जातात आणि पुन्हा पुन्हा वापरली जातात. वीस गावांसाठी तिचे कष्ट बेचाळीस कोटींच्या आसपास. आपल्या जुन्या यंत्रावर ७,७०० वर्षांचं काम पाऊण मिनिटावर येतं. तरी प्रश्न माणसाळलेला नाही : गावं चाळीस झाली की त्याच पद्धतीला साडेपाच वर्षं लागतात. तेव्हा सर्वोत्तमाचा हट्ट सोडायचा. नीकोस ख्रिस्टोफिडीस यांनी १९७६ मध्ये अशी पद्धत सिद्ध केली की तिनं काढलेली फेरी सर्वोत्तम फेरीच्या दीडपटीहून कधीच लांब नसते. सर्वोत्तम फेरी किती लांब हे ठाऊक नसतानाही ही हमी देता येते. अवघड प्रश्नाशी असा करार करता येतो, पण तो अवघड आहे हे आधी ओळखलेलं असेल तरच.

आता सर्वांत जड आक्षेप. कागदावरची कार्यक्षमता आणि प्रत्यक्षातली कार्यक्षमता जुळत नाही, असं काम करणारे लोक सांगतात आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. त्याचा सर्वांत बोलका पुरावा एका मराठी माणसाच्या कामात आहे. शंभर गावांचा ऊस सात कारखान्यांत कसा वाटावा, कालव्याचं एक आवर्तन कोणत्या फाट्याला किती द्यावं, असे ‘मर्यादा पाळून जास्तीत जास्त’ प्रकारचे प्रश्न रेषीय प्रोग्रामिंगमध्ये येतात. जॉर्ज डँट्झिग यांची १९४७ ची सिम्प्लेक्स पद्धत ते व्यवहारात उत्तम सोडवत होती. पण १९७२ मध्ये व्हिक्टर क्ली आणि जॉर्ज मिंटी यांनी मुद्दाम रचलेली उदाहरणं दाखवली, ज्यांवर हीच पद्धत भरकटून शक्यतांच्या जंगलातला जवळपास प्रत्येक कोपरा फिरते. १९७९ मध्ये लिओनिद खाचियान यांनी नवी पद्धत दिली. ती कागदावर सुरक्षित होती, कष्ट कधीच हाताबाहेर जाणार नाहीत याची तिच्यात हमी होती, पण प्रत्यक्षात ती सिम्प्लेक्सपुढं फारच मंद पडली. म्हणजे कागदावर नापास झालेली पद्धत शेतात पळत होती आणि कागदावर पहिली आलेली अडखळत होती.

ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबात जन्मलेले नरेंद्र करमरकर १९७८ मध्ये मुंबईच्या आयआयटीतून बाहेर पडले, पुढं बर्कलेला रिचर्ड कार्प यांच्याच हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली आणि १९८४ मध्ये बेल लॅब्जमध्ये असताना अशी पद्धत मांडली जी कागदावरही सुरक्षित होती आणि मोठ्या प्रश्नांवर प्रत्यक्षातही वेगवान. सिम्प्लेक्स शक्य उत्तरांच्या आकाराच्या कडाकडांनी कोपऱ्यावरून कोपऱ्यावर जाते; करमरकरांची पद्धत आकाराच्या आतून वाट काढते. न्यूयॉर्क टाइम्सनं त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये ही बातमी पहिल्या पानावर छापली. आता विचार करा, ही वाट शोधायची गरज कोणाला वाटली? कागद आणि प्रत्यक्ष यांच्यातली फट ज्यांना खटकली त्यांना. ‘व्यवहारात सिम्प्लेक्स चालतंय ना’ म्हणून सगळे थांबले असते तर आतली वाट सापडली नसती. पुढं २००१ मध्ये डॅनियल स्पीलमन आणि शांग-हुआ तेंग यांनी सिम्प्लेक्स प्रत्यक्षात चांगली का चालते याचंही उत्तर दिलं : तिला भरकटवणारी उदाहरणं इतकी नाजूक असतात की आकडे जरासे हलले तरी ती मोडतात, आणि खऱ्या जगातले आकडे नेहमी थोडे हललेलेच असतात. कागद चुकला होता असं म्हणता येणार नाही. कागदाला विचारलेला प्रश्न अपुरा होता, आणि अधिक चांगला प्रश्नही कागदावरच सुचला.

प्रत्यक्षाची बाजू घेणारे आणखी एक सांगतील : कार्यक्रम कितीही नेटका लावा, अवकाळी पाऊस आला की काळ्या रानातून ट्रॅक्टर निघत नाही, एखादी टोळी उचल घेऊन निघून जाते, काट्यावर गाड्यांची रांग लागते. मग बिनचूक उत्तराला काय अर्थ? हे सगळं घडतं, आणि म्हणूनच पद्धत वेगवान हवी. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला जावा हे बरं. तेव्हा रात्री पाऊस झाला तर पहाटे नवा कार्यक्रम हाती हवा. जी पद्धत आठ तास घेते ती हंगामात एकदाच चालवता येते आणि पहिल्याच सरीत जुनी होते. जी मिनिटात उत्तर देते ती रोज, गरज पडली तर दिवसातून दोनदा चालवता येते. परिस्थिती जितकी बेभरवशाची, तितकी कार्यक्षमतेची गरज जास्त.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. लागणीच्या तारखेप्रमाणे तोड देणं ही साखरेच्या उताऱ्याच्या दृष्टीनं नेहमीच सर्वोत्तम पद्धत नसते. जात, जमीन, पक्वता बघून लावलेला क्रम जास्त साखर देऊ शकतो. पण तारखेचा क्रम सभासदाला स्वतः पडताळता येतो. शेजाऱ्याची लागण आपल्या मागची आणि तोड आपल्या आधी, हे त्याला गट ऑफिसच्या पायरीवर उभं राहून सांगता येतं. सहकारी संस्थेत या पडताळणीची किंमत थोड्या जास्त उताऱ्याहून मोठी असू शकते, असं माझं मत आहे. अल्गोरिदमचा अभ्यास इथं निर्णय देत नाही. त्या न्याय्य क्रमासाठी आपण किती मोजतो आहोत, तेवढं तो स्वच्छ सांगतो.

राहिला सर्वांत नवा आक्षेप : आता कृत्रिम बुद्धिमत्ताच कोड लिहून देते. बारामतीला याचं अप्रूप कमीच, कारण इथल्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठासोबत ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्याचा प्रकल्प उभा केला आणि उपग्रहाची चित्रं, हवामान, जमिनीतला ओलावा यांवरून सल्ला शेतकऱ्याच्या मोबाइलवर पोहोचवायला सुरुवात केली. पण यंत्रानं लिहिलेला कोड शंभर नोंदींवर बरोबर चालला म्हणून पंचवीस लाखांवर चालेल असं नाही, आणि तो फरक चालवून बघेपर्यंत दिसत नाही; वाचून ओळखायला हाच विषय लागतो. शिवाय ही भाषिक प्रारूपं स्वतः याच नियमाच्या कचाट्यात आहेत. २०१७ मध्ये आलेल्या ज्या ट्रान्सफॉर्मर रचनेवर ती उभी आहेत, तिच्या मूळ रूपात प्रत्येक शब्द बाकी प्रत्येक शब्दाशी ताडून बघितला जातो. मजकूर दुप्पट झाला की ते कष्ट चौपट होतात. आज जगभरात त्यावर जे संशोधन चालू आहे त्याचा बराच भाग या चौपटीला वेसण घालण्याचा आहे.

मग कॉलेजात हा विषय कसा शिकावा? सध्या परीक्षेसाठी सिद्धता पाठ होते, चिन्हं पाठ होतात, आणि क्विकसॉर्टची सर्वांत वाईट स्थिती कोणती हे लिहिणाऱ्याला ती आपल्याच वहीतल्या कोडमध्ये बसली आहे हे दिसत नाही. उपाय खर्चिक नाही. एकच प्रोग्राम १,०००, २,०००, ४,००० आणि ८,००० नोंदींवर चालवावा आणि लागलेला वेळ वहीत लिहावा. नोंदी दुप्पट झाल्यावर वेळही दुप्पट, चौपट की आठपट होतो, हे चार आकड्यांत दिसतं. मग तेच लावलेल्या, उलट लावलेल्या आणि विस्कटलेल्या यादीवर करावं. प्रोग्राम चालवण्याआधी आपला अंदाज पेन्सिलनं लिहून ठेवावा आणि अंदाज चुकला तर तो का चुकला हे शोधल्याशिवाय पुढं जाऊ नये. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यानं लॉगरिदमला बिचकायचं कारण नाही : पंचवीस हजार किती वेळा निम्मे करता येतात, एवढाच तो हिशेब आहे. शिक्षकांना माझी विनंती आहे की प्रॅक्टिकलला पुस्तकातली दहा आकड्यांची यादी देऊ नका. जवळच्या गट ऑफिसात जा, नावं काढून टाकलेली एका हंगामाची नोंदयादी मागा, गावांमधली अंतरं नकाशावरून काढून घ्या, आणि वीस टोळ्यांचा आणि वीस गावांचा, असे दोन्ही प्रश्न एकाच आठवड्यात मुलांसमोर ठेवा.